ब्रिटनहून मागवलेला हब आणि कस्टम्स

जुन्या टूरिंग सायकलसाठी ब्रिटनहून मागच्या चाकाचा हब (आऱ्या जिथे जोडतात तो मधला भाग) मागवला होता. पार्सल मुंबईत अडकलं आणि कुरिअरवाल्यांनी केवायसी मागितली. ती देताना बिल नीट पाहिलं, तर त्यात तिथला 20 टक्के व्हॅट धरलेला! निर्यातीच्या मालावर तो लागत नाही. आपली कस्टम्स ड्युटी वस्तूची किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागते आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) त्या ड्युटीसकट रकमेवर. म्हणजे त्या व्हॅटवरही कर भरावा लागला असता.

दुकानदाराकडून व्हॅट वगळून नवं बिल आणि फरकाचा परतावा मागितला. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) भरण्याआधीच ते बिल आणि कार्ड पेमेंटची पावती कुरिअरला पाठवली. हे आधी करणं फार महत्त्वाचं, नंतर दुरुस्ती जिकिरीची. ड्युटी नव्या किमतीवरच लागली.