विषय काढायचा आणि प्रवेशही घ्यायचा: बारावी पुरवणीची तयारी, सोलापुरातून

मार्कलिस्ट हातात आली की पुरवणीचा फॉर्म भरायला पळण्याआधी एक आकडा शोधा. प्रवेशाला नेमकं काय अडवतंय? विषयच राहिला असेल तर विचार करण्यासारखं काही नाही, तो काढायचा. पण पास होऊनही ‘टक्के कमी पडले’ म्हणून पुन्हा परीक्षेला बसायचं असेल, तर आधी हिशोब मांडा. इंजिनिअरिंगच्या कॅपला, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांना, पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. ही फक्त पात्रता झाली. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर, आणि बारावीचे गुण फार तर दोघांची बरोबरी झाली तर पाहिले जातात. त्यामुळे पीसीएमला ५२ टक्के असताना ते ६८ करायला वर्ष घालवलं, तर कॅपमध्ये हाती काही लागत नाही. तोच वेळ सीईटीला द्यावा. एमबीबीएसचंही तसंच: खुल्या प्रवर्गाला पीसीबीत (गणिताऐवजी बायोलॉजी) ५० टक्के, राखीवला ४०, आणि पुढचं सगळं नीट परीक्षेवर. एनआयटीचं (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) मात्र वेगळं आहे. तिथे जेईईच्या रँकबरोबर बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. एनआयटीच्या उमेदवाराला किंवा बारावीच्या गुणांवर यादी लावणाऱ्या बीएस्सी-बीकॉमच्या मागणी असलेल्या तुकड्यांसाठी टक्के वाढवण्यात अर्थ आहे.

टक्के वाढवायला बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. ती एकदोन विषयांसाठी नाही, सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पास झालेल्यांना लगतच्या तीन संधी होत्या: जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. गुण वाढले नाहीत तर आधीचा निकाल कायम राहतो. आणि एक गैरसमज दरवर्षी डोकं वर काढतो, तो आधीच खोडलेला बरा: एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात प्रवेश, ही दहावीतून अकरावीत जाताना मिळते. बारावीतून पदवीला जाताना तशी सोय नाही. एक विषय राहिला तरी एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) प्रवेश होत नाही.

आता राहिलेल्या विषयाकडे. पेपर चांगला गेला होता आणि गुण अनपेक्षित कमी दिसत असतील, तर पुनर्मूल्यांकनाचा मार्ग आहे, पण त्याला क्रम आहे. गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये. त्यात फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर पाहतात. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये, पण त्यासाठी छायाप्रत आधी घेतलेली असली पाहिजे, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत आल्याबरोबर त्या विषयाच्या सरांकडून ती तपासून घ्या आणि मगच तीनशे रुपये भरा. इथे हमखास होणारी चूक अशी, की ‘पुनर्मूल्यांकनात सुटेल’ म्हणून पुरवणीचा फॉर्म भरायचाच राहतो, तोवर मुदत निघून जाते. दोन्ही अर्ज एकाच वेळी करा. विषय सुटला तर पुरवणीचे पैसे गेले असं समजायचं, त्याहून जास्त नुकसान नाही.

पुरवणीचा फॉर्म बोर्डाच्या संकेतस्थळावर जातो, पण तो तुमच्या ज्युनिअर कॉलेजमार्फत. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. तरी दुरुस्ती असो की चौकशी, पहिली पायरी कॉलेजचं ऑफिसच; पुण्याला थेट खेटा घालून काम होत नाही. निकालानंतर फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, मग विलंब शुल्क, नंतर अतिविलंब शुल्क. जाताना मूळ मार्कलिस्ट, तिचे दोन झेरॉक्स, आधार आणि फोटो न्या. क्लार्कने भरलेल्या फॉर्मची प्रिंट तिथेच उभं राहून वाचा: मागचा सीट नंबर, परीक्षेचा महिना-वर्ष, आईचं नाव, माध्यम आणि विषयाचा कोड. भाषा विषयांत कोड चुकणं जास्त. सोलापुरात मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड अशा भाषा घेणारी मुलं एकाच कॉलेजात असतात, आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला की हॉल तिकिटावर भलताच पेपर येतो. विज्ञानाच्या मुलांनी तेव्हाच विचारून घ्यावं की प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचंय की आधीचे गुण धरले जाणार. प्रात्यक्षिकं लेखी परीक्षेच्या आधी उरकतात, म्हणून हे उशिरा कळलं तर वेळ गेलेली असते.

अभ्यासाला वेळ किती? २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला आणि पुरवणी २४ जूनला सुरू झाली. मधे सात आठवडे. त्यातला मे म्हणजे सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळीसच्या वर. दुपारी बारा ते चार पत्र्याच्या खोलीत गणित होत नाही, हे मान्य करूनच वेळापत्रक आखा. पहाटे पाच ते नऊ नवीन धडा, दुपारी अभ्यासिकेत किंवा जिथे पंखा असेल तिथे पाठांतर आणि लिखाण, संध्याकाळी जुनी प्रश्नपत्रिका. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे नव्या गाईडवर खर्च करायची घाई नको. जुन्या पाच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या, तर त्याचा उपयोग गाईडपेक्षा जास्त.

सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्या पानापासून काढणं ही सगळ्यात महागडी चूक. विज्ञान शाखेच्या गणिताचा पेपर ८० गुणांचा. त्याची मांडणी अशी: दोन गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न म्हणजे १६, एकेका गुणाचे चार, मग दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या आठपैकी पाच. म्हणजे मोठ्या प्रश्नांत तिसरा भाग सोडून द्यायची मुभा आहे. पास होण्यापुरतं बघणाऱ्याने लॉजिक, मॅट्रिसेस, एलपीपी (लिनिअर प्रोग्रामिंग), डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमिअल ही सहा प्रकरणं आधी घ्यावीत. पद्धत ठरलेली असते आणि पायऱ्यांना गुण मिळतात. त्यानंतर डेरिव्हेटिव्ह. इंटिग्रेशन सगळं करायला वेळ नसेल तर डेफिनिटचे गुणधर्म वापरून सुटणारी गणितं तेवढी करा. वेक्टर आणि लाइन-प्लेन ज्याला आधीपासून जमतं त्यानेच धरावं. अंतर्गत २० गुणांच्या भरवशावर न राहता लेखीतच ३५-४० चं लक्ष्य ठेवा.

बहुपर्यायी प्रश्नांत गुण जातात ते न येण्यामुळे कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीमुळे जास्त. प्रश्नपत्रिकेवरच सूचना असते: पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही, आणि पहिलाच प्रयत्न धरला जातो. खाडाखोड करून खाली पुन्हा लिहिलेलं बरोबर उत्तर वाया जातं. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून सरावातही मोबाइलचा कॅल्क्युलेटर बंद ठेवा, नाहीतर परीक्षेत गुणाकारातच अर्धा तास जाईल. एलपीपीच्या आकृतीला आलेख कागदाची सक्ती नाही, कच्ची आकृती पुरते.

फिजिक्स-केमिस्ट्रीचे पेपर ७० चे: बहुपर्यायी १०, एका वाक्याची ८, दोन गुणांची १६, तीन गुणांची २४, चार गुणांची १२. इथे व्याख्या, सूत्रं, एककं आणि आकृत्या यांवर पास होण्याइतके गुण निघतात.

कला-वाणिज्यात अडकतो तो बहुधा इंग्रजीचा विषय. ८० गुणांत गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरीचा भाग १६. लेखनाचे चार प्रश्न चार-चार गुणांचे असतात, आणि ईमेल, रिपोर्ट, मुलाखतीचे प्रश्न, भाषण, अपील यांचा साचा पाठ करता येतो. प्रत्येक प्रकाराचे दोन नमुने स्वतःच्या हाताने लिहून सरांकडून तपासून घ्या. गद्यातल्या कृतींची बरीच उत्तरं उताऱ्यातच असतात, म्हणून कृती आधी वाचायची, उतारा नंतर. कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे हातातले गुण फेकणं.

हे चालू असताना प्रवेशाची फाइल आईवडिलांनी किंवा मोठ्या भावंडांनी सांभाळावी. परीक्षा देणाऱ्याला सेतूच्या रांगेत उभं करू नये. जून-जुलैत तहसीलला गर्दी उसळते. उत्पन्नाच्या दाखल्याला नियमाने १५ दिवस लागू शकतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलंच पाहिजे. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. गेल्या वर्षीचं चालेल असं गृहीत धरून पुष्कळ जण खुल्या प्रवर्गात ढकलले जातात. जात वैधता अकरावी-बारावीतच मागायची असते. ती राहिली असेल तर पडताळणी समितीकडे आजच अर्ज करून पावती जपून ठेवा. अधिवासाचा दाखला सगळ्यांनीच काढावा, पण इंडी, आळंद, विजयपूर भागात दहावी करून सोलापुरात आलेल्यांना तो टाळता येणारच नाही: दहावी महाराष्ट्रातली नसेल तर कॅपमध्ये स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखवावा लागतो. नावाचं स्पेलिंगही बघा. आपल्याकडे तेलुगू-कन्नड आडनावं आधारवर एक, मार्कलिस्टवर दुसरी आणि टीसीवर तिसरीच असतात. मार्कलिस्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरून आधार सुधारून घ्या.

सीईटी दिलेली असेल तर बारावीचा विषय राहिलाय म्हणून कॅपच्या वेळापत्रकाकडे पाठ फिरवू नका. पुरवणीचा निकाल जुलैअखेर येतो, तोवर फेऱ्यांची गाडी पुढे गेलेली असू शकते. कॅपच्या नोंदणीची मुदत संपल्यावर येणारे अर्ज फक्त नॉन-कॅप, म्हणजे संस्थास्तरावरच्या, जागांसाठी धरले जातात, आणि मेख तिथेच आहे. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींच्या १०० टक्के शुल्कमाफीला प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरची जागा मिळाली तर पूर्ण फी खिशातून जाते. चार वर्षांचा आकडा कागदावर मांडून मगच होकार द्या. एक वर्ष थांबायचं ठरलं, तर सीईटीचा स्कोअर त्याच वर्षापुरता असतो, पुढच्या वर्षी नव्याने नोंदणी आणि परीक्षा.

बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश जूनमध्येच सुरू होतात. संगमेश्वर, वालचंद, दयानंद, जिथे जायचंय तिथल्या ऑफिसात जूनमध्येच विचारून ठेवा की पुरवणीवाल्यांना कधी घेता आणि कोणत्या विषयाच्या जागा उरतात. बीबीए-बीसीएला सीईटी असते, हे विसरून नुसत्या मार्कलिस्टवर जाणारे परत येतात.

हॉल तिकीट आल्यावर त्यावर मुख्याध्यापक-प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्या, फोटोवरही. पुरवणीला केंद्रं कमी असतात. करमाळा, सांगोला, अक्कलकोटच्या मुलांनी आपलं नेहमीचंच केंद्र असेल असं समजू नये. एक दिवस आधी जाऊन बघून यावं. सकाळचा पेपर ११ ला सुरू, केंद्रावर साडेदहाला हजर; दुपारचा ३ ला, हजेरी अडीचला. शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात. जून-जुलै म्हणजे वारीचा हंगाम: आषाढीच्या आसपास एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळवतात, मोहोळ-पंढरपूर रस्ता भरतो. त्या आठवड्यात पेपर असेल तर नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी धरा, किंवा आदल्या रात्री केंद्राच्या गावी नातेवाइकाकडे मुक्काम करा.

निकालाच्या दिवशी ऑनलाइन प्रत काढून त्याच दिवशी प्रवेशाच्या कॉलेजात पोचा. मूळ मार्कलिस्ट काही दिवसांनी ज्युनिअर कॉलेजातून मिळते, तिच्याबरोबर टीसी घ्या. दोन्ही परीक्षांच्या मार्कलिस्टा एकत्र ठेवा, जुनी फेकू नका. प्रवेश झाल्यावर बुडालेल्या तासांच्या नोट्स आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलचं पहिल्या आठवड्यातच विचारा. आणि विषय याही वेळी अडकलाच तर दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला रिकाम्या जागा उरल्यात का ते शासकीय तंत्रनिकेतनात पाहून या. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे फॉर्म दिवाळीच्या आसपास सुटतात. रिपीटरला कॉलेज फोन करून कळवेलच असं नाही, म्हणून ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा तिथला नोटीस बोर्ड पाहत राहा.