टी-रेक्स केवढा? चादरी अंथरून बघा

बालवाडीतल्या पोरांना टी-रेक्स डायनासोर 40 फूट लांब होता म्हणून सांगितलं तर काय कळत नाय, त्यापेक्षा गच्चीवर सोलापुरी चादरी एकापुढं एक अंथरा, साडेसात फुटी पाच चादरी आणि शेपटीला एक टॉवेल, झाला साधारण तेवढा. मग पोरांना त्यावरनं पळू द्या. दात केळ्याएवढे म्हणल्यावर आमची पोरगी आतनं केळीच घेऊन आली, नंतर दातच खाल्ले तिनं! खेळता खेळता विचारा, हा भाकरी खात असंल का मटण? कोंबडी याच्याच खानदानातली हे सांगाच, लई हसतात. आणि आपल्याकडं गुजरातेत राजासॉरस नावाचा डायनासोर सापडलाय, 2003 मध्ये नाव ठेवलं, हे नाव पोरांना पटकन पाठ होतंय.