धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) कोवळी रोपं बकऱ्यांपासून वाचवायला शेणाचं पाणी

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे धुऱ्यावर चाऱ्यासाठी सुबाभूळ, शेवगा लावला की पहिल्याच पावसाळ्यात बकऱ्या शेंडे खुडून नेतात. तारेचं कुंपण परवडत नाही. त्यावर हे करा:

१. ताजं शेण पाण्यात पातळ कालवा.
२. खराट्यानं पानांवर, शेंड्यावर शिंपडा. शेणाचा वास असलेल्या पाल्याला बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत.
३. पाऊस झाला की पुन्हा शिंपडा. इथंच बहुतेकांचा कंटाळा नडतो.

बकरी मागच्या पायांवर उभी राहते, म्हणून झाड माणसाच्या डोक्यावर गेल्याशिवाय तिथं चरायला सोडू नका.

सुबाभळीचा पाला मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे जास्त खाल्ल्यास जनावरांचे केस गळतात.