लोकल भुलीखाली छोटी शस्त्रक्रिया: गुंगीच्या औषधांत या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये गाठ, हर्निया, मोतीबिंदू अशी कामं रोज लोकल भुलीखाली, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून, आणि वर थोडी गुंगी देऊन होतात. गाडी बहुधा एकाच ठिकाणी घसरते: पेशंट हलतो आणि सर्जन म्हणतात, "गुंगीचं अजून एक एमएल द्या."

देऊ नका. आधी श्वास आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पाहा. ऑक्सिजन कमी पडला तरी माणूस हातपाय झाडतो. मग भूल तपासा. मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधाने दुखणं थांबत नाही, फक्त कुठे दुखतंय हे सांगायची शुद्ध जाते. साधं (अ‍ॅड्रेनलिन नसलेलं) लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, किलोमागे 4.5 मिग्रॅपर्यंत चालतं, म्हणजे 60 किलोला 2 टक्क्यांचं साडेतेरा एमएल. त्यात वाव असेल तर आधी तो वापरा. भरलेलं मूत्राशयही विसरू नका.

मिडाझोलॅम 1 मिग्रॅ, दोन मिनिटांत सावकाश. पूर्ण असर दिसायला 3 ते 5 मिनिटं जातात. घाईत दिलेले डोस नंतर एकदम चढतात. साठीपुढे निम्म्यानेच सुरुवात. अँप्यूल 1 मिग्रॅ आणि 5 मिग्रॅ प्रति एमएल, दोन्ही मिळतात, म्हणून लेबल मोठ्याने वाचा. सोबत फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) असेल तर दोन्हींचे डोस कमी करा, श्वास मंदावतो. मिडाझोलॅमचा उतारा असलेल्या फ्लुमाझेनिल 0.2 मिग्रॅने पेशंट जागा होतो, पण त्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी परतू शकते. लगेच वॉर्डात धाडू नका.

डेक्समेडेटोमिडिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधावर पेशंट हाकेला ओ देतो, श्वासही सहसा शाबूत राहतो. किंमत नाडी मोजते. 200 मायक्रोग्रॅमची 2 एमएल अँप्यूल 48 एमएल सलाइनमध्ये घातली की एमएलला 4 मायक्रोग्रॅम. 60 किलोला 60 मायक्रोग्रॅम म्हणजे 15 एमएल, दहा मिनिटांत: पंपावर तासाला 90 एमएल. पासष्टीपुढे निम्मं. हाताने ढकललं तर बीपी आधी चढतो, मग नाडी कोसळते. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असेल तर हे औषध नकोच. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्या) चालू असतील तर जपून. ऑपरेशनची लिस्ट लांब असेल तर दहा मिनिटं आधी सुरू करा, नाहीतर सर्जनचा पारा चढतो.

प्रोपोफॉल या झटपट झोपवणाऱ्या औषधाला उतारा नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर हात लावू नका.

नाकात ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी सॅच्युरेशनचा आकडा बराच वेळ 98 दाखवतो. कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसेल तर छातीवर नजर ठेवा.

घरी सोडताना 24 तास स्कूटर नको, सोबत माणूस हवाच. सूचना त्याच्याच हाती कागदावर द्या. पेशंट "हो, हो" म्हणतो आणि रिक्षा घोडबंदर रोडला लागेपर्यंत सगळं विसरलेला असतो.