जुन्या अभिनेत्रीचे चरित्र मराठवाड्यात बसून लिहिताना

वाचनालयाची स्मरणिका किंवा महाविद्यालयाचे वार्षिक यांसाठी मूकपटाच्या अथवा आरंभीच्या बोलपटाच्या काळातील एखाद्या अभिनेत्रीवर लेख लिहायचा झाला, की लातूर-परभणीकडचा लेखक आधीच हात टेकतो. चित्रपट मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि पुण्यात तयार झाले, आपल्याकडे फक्त फिरत्या सिनेमाचे तंबू आले, असे त्याला वाटते. पण तंबूत बसून तो चित्रपट पाहणारी माणसे हाही त्या बाईंच्या कारकिर्दीचाच भाग आहे, आणि तो भाग इथे बसूनच लिहिता येतो.

पहिली सूचना अशी की ‘पहिली अभिनेत्री’ या शब्दांनी लेख सुरू करू नये. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगवली होती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) मोहिनी झाल्या. म्हणजे पहिलेपणाचा मान द्यायचा तर तो एकाच घरातील दोघींना द्यावा लागतो. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे: १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. बायका पडद्यावर आल्या म्हणून पुरुषांनी लगेच लुगडे उतरवले नाही. कामत मायलेकींना हे पाऊल का टाकता आले, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात, फिरत्या नाटक मंडळीत शोधावे. चरित्राचा पाया तिथे आहे; चित्रपटाचे नाव हा त्यातला एक टप्पा आहे.

त्यानंतर नावांची शहानिशा करावी. सुलोचना म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना सुलोचना लाटकर आठवतात, काहींना लावणीगायिका सुलोचना चव्हाण. मूकपटाच्या काळातील सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, त्या या दोघींहून निराळ्या. शांता आपटे आणि ‘माणूस’मधील शांता हुबळीकर यांचीही अशीच गल्लत होते. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर होते, तेव्हा जुना कागद चाळताना मूळ नाव आणि पडद्यावरचे नाव अशी दोन्ही नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

इथल्या लेखकाला खरी अडचण कालगणनेची येते. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळच्या दफ्तरी कागदांवर फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, साल आढळते. त्या सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, परंतु संस्थानाचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. १३४७ फसली म्हणजे साधारण ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८. पैशाचेही तेच: कागदावर किंवा म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात रुपया आला, तर तो हाली (संस्थानाचा) की कलदार (इंग्रजी राजवटीचा) हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, कारण सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार असा हिशेब असे. नटीच्या पगाराची इथल्या तिकिटाशी तुलना करताना हा फरक सुटला, तर सगळे गणित फसते.

मुलाखती घ्यायच्या त्या घरच्या माणसांपासून घ्याव्यात. मात्र ‘तुम्हाला तो सिनेमा आठवतो का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण समोरची आजी हो म्हणते आणि गप्प बसते. कोणत्या जत्रेत तंबू होता, बायकांना बसायची जागा वेगळी होती का, जमिनीवर काय अंथरले होते, घरून कोणाची परवानगी घ्यावी लागली, असे विचारावे. उत्तर माळेगावच्या यात्रेचे आले तर महिना मार्गशीर्ष हे आपोआप कळते. साल मात्र ठरवता येत नाही. जुन्या प्रती तंबूंतून वर्षानुवर्षे फिरत, त्यामुळे १९३७ चा चित्रपट कुणी १९५५ मध्ये पाहिला असेल तर त्यात नवल नाही. म्हणून प्रदर्शनाचे साल आणि पाहिल्याचे साल अशा दोन निराळ्या नोंदी कराव्यात. मी स्वतः यात एकदा चांगलाच फसलो आहे: मावशीने ‘दुनिया न माने’ सांगितला, शेजारच्या काकांनी ‘कुंकू’ सांगितला, आणि शांता आपटे यांचे ते दोन चित्रपट म्हणून मी छापून मोकळा झालो. एकाच चित्रपटाची ती हिंदी आणि मराठी रूपे आहेत. ‘माणूस’ आणि ‘आदमी’ यांचेही तसेच. प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट अनेकदा दोन्ही भाषांत निघत, तेव्हा मराठवाड्यासारख्या उर्दूच्या सहवासातील मुलखात ही खात्री आधी करून घ्यावी.

कारकिर्दीचा भाग लिहिताना भूमिकांची यादी देण्याचा मोह टाळावा आणि नोकरीच्या बाजूने पाहावे. स्टुडिओ मासिक पगारावर, कराराने कलावंत बांधून ठेवत. १९३९ मध्ये शांता आपटे यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले ते याच बंधनातून, आणि पुढच्या वर्षी मुलींनी सिनेमात जावे की नाही याविषयी त्यांनी पुस्तकही लिहिले. दुर्गा खोटे यांची वाट वेगळी होती. सुखवस्तू घरातून त्या १९३१ मध्ये एका लहानशा भूमिकेने आल्या, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या, आणि पुढे कोणत्याही एका स्टुडिओशी बांधून न घेता काम करत राहिल्या. एकोणीस वर्षांपूर्वी पुरुषाने केलेली तारामती आता एक शिकलेली, घरंदाज स्त्री करते, हा पल्ला दाखवता आला तर निम्मा लेख झाला, असे मी म्हणेन.

आत्मचरित्र हाती असल्यास ते जरूर वापरावे, पण कोणी लिहून घेतले हेही पाहावे. हंसा वाडकर यांच्या आठवणींचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले होते, म्हणून त्यातील प्रत्येक वाक्य बाईंच्या तोंडचे जसेच्या तसे आहे असे धरून चालू नये. मूकपटांपैकी फार थोडे आज उरले आहेत. उरलेल्यांची चौकशी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात करावी, आणि जो चित्रपट स्वतः पाहिलेला नाही त्यातील अभिनयाचे वर्णन करू नये. त्याऐवजी कोणी, केव्हा, कुठे पाहिला ते लिहावे. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि हाताने लिहिलेली वही लेख छापून झाल्यावरही गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि वहीवर सांगणाऱ्याचे जन्मसाल आणि गाव अवश्य घालावे.