सर्किट चाललं, आता डबा!

सर्किट चाललं की काम झालं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बोर्ड टेबलावर नीट चालतोय, प्रोग्राम अडकत नाही, मग उरलं काय? ते सगळं बसवायचा डबा. तो बघू शेवटच्या आठवड्यात. त्या शेवटच्या आठवड्यांनीच मला या विषयातलं बहुतेक सगळं शिकवलं.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. थ्रीडी प्रिंटरवर छापलेला डबा, भिंत ३ मिमी जाड. यूएसबी-सीच्या सॉकेटसाठी मोजूनमापून खाच ठेवली होती, साधारण ९ बाय ३.२ मिमी आणि वर थोडी मोकळीक. बोर्ड बसला, झाकण लागलं, सॉकेट खाचेच्या अगदी मधोमध. केबल मात्र लागेना! सॉकेट भिंतीच्या आत राहिलं होतं आणि केबलच्या टोकाची जाड मूठ बाहेरच अडत होती. दाबून धरली की चार्जिंग लागायचं, हात काढला की सुटायचं. ही मूठ १२ बाय ६.५ मिमीच्या आसपास असू शकते, हे मला त्या रात्री कळलं. कानशीने खाच मोठी केली आणि डबा उंदराने कुरतडल्यासारखा दिसू लागला. तेव्हापासून मी सॉकेटबरोबर बाहेरून येणारा प्लगही मोजते, आणि सॉकेट बोर्डच्या कडेबाहेर थोडं काढून भिंतीपर्यंत आणते.

नवीन मंडळी विचारतात, कोणतं मटेरियल घेतलं की डबा ‘कंपनीचा’ वाटेल? मटेरियलने फारसं काही होत नाही. महागड्या अॅल्युमिनियमच्या डब्यावर वेडीवाकडी भोकं पाडलीत तर तो घरगुतीच दिसतो. बघणाऱ्याची नजर तीन ठिकाणी जाते: भोकांच्या कडा, झाकणाची फट आणि अक्षरं. म्हणून एखाददुसरा किंवा पाच-पन्नास नग करायचे असतील तर डबा तयार घ्या आणि सगळी मेहनत पुढच्या पट्टीवर, म्हणजे भोकं आणि अक्षरं असलेल्या दर्शनी भागावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तयार डबे एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे, ओतीव अॅल्युमिनियमचे मिळतात. माझे लाडके म्हणजे एक्स्ट्रुडेड (साच्यातून दाबून नळीसारख्या काढलेल्या) अॅल्युमिनियमचे. त्यांच्या आतल्या खाचांत १.६ मिमीचा नेहमीचा बोर्ड सरकवला की झालं, दोन्ही टोकांना पट्ट्या आणि चार-चार स्क्रू. मात्र क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी डबा ठरवायचा, त्याचं ड्रॉइंग उघडायचं आणि त्या मापात बोर्ड आखायचा. बोर्ड आधी करून मग त्याच्या मापाचा डबा शोधत फिरणं म्हणजे बूट घेऊन पाय शोधण्यासारखं.

पट्टीसाठी माझी युक्ती अगदी साधी आहे: पट्टी म्हणूनही पीसीबीच (सर्किटसाठी बनवतात तसला बोर्ड) बनवून घ्या. त्यावर एकही पार्ट नाही, फक्त भोकं आणि अक्षरं. काळं मॅट सोल्डर मास्क (बोर्डवरचा रंगाचा थर), पांढरं सिल्कस्क्रीन (त्यावर छापलेली अक्षरं). कारखान्यातल्या राउटरने (फिरत्या पात्याच्या मशीनने) कापलेल्या कडा हाताच्या कामापेक्षा कितीतरी साफ येतात आणि लेबलं चिकटवायचा प्रश्नच उरत नाही. फक्त राउटरचं पातं गोल असतं, त्यामुळे चौकोनी खिडकीचे आतले कोपरे थोडे गोल येणार. डिस्प्ले तिथे अडतो, म्हणून कोपऱ्यांना जागा सोडा.

हातानेच भोकं पाडायची असतील तर शक्य तिथे गोल कनेक्टर निवडा. गोल भोक स्टेप ड्रिलने (पायऱ्या-पायऱ्यांच्या शंकूसारख्या ड्रिलने) नीट पडतं. चौकोनी भोक कानस किती सरळ चालली ते जगाला सांगतं. डब्यावर मास्किंग टेप, त्यावर खऱ्या मापात छापलेला कागद, मग भोकाच्या मध्यावर सेंटर पंचाचा (टोकदार सळईचा) एक ठोका. हा ठोका आळसाने टाळला की ड्रिल घसरतं आणि झाकणावर तो ओरखडा कायमचा राहतो.

थ्रीडी प्रिंटिंग मी हल्ली मुख्यतः माप तपासायला वापरते. तसाच डबा द्यायचा असेल तर दर्शनी बाजू प्रिंटरच्या खडबडीत पोताच्या प्लेटवर पालथी छापा, म्हणजे थरांच्या रेषा समोर येत नाहीत. डबा कुठे राहणार हेही आधी विचारा. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं माझं एक झाकण पापडासारखं वाकलं. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक साधारण ८० पर्यंत तग धरतं, एबीएस १०० च्या वर, पण छापताना एबीएस कोपऱ्यांतून उचललं जातं. घरातली वीज थेट आत येणार असेल तर छापील डब्याच्या वाटेला जाऊच नका. यूएल ९४ व्ही-० दर्जाच्या, म्हणजे आग धरून न ठेवणाऱ्या प्लास्टिकचा तयार डबा घ्या.

स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळू नका, चार वेळा उघडला की आटे जातात. पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) घ्या. एम-३ (३ मिमी) स्क्रूच्या इन्सर्टसाठी भोक बहुधा ४ मिमीचं लागतं. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक इन्सर्टवर टेकवून दाब न देता थांबा. तो आपल्या वजनाने उतरू लागतो. थोडासा वर असतानाच आयर्न काढून सपाट धातूची पट्टी वरून दाबा. इन्सर्ट सरळही राहतो आणि पृष्ठभागाशी समतलही बसतो.

अॅक्रिलिक लेझरवर सुंदर कापलं जातं, पण स्क्रू जास्त आवळला की तडकतं. लेझरने कापलेल्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या तर त्यांवर बारीक चिरांचं जाळं पडतं. साबणाचं पाणी पुरतं. आणि पीव्हीसी लेझरमध्ये कधीच घालू नका, त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू माणसाला आणि मशीनला दोघांनाही बाधतो. इंजेक्शन मोल्डिंगचा विचार नग हजारांत गेले की करा. साच्याचा खर्च त्याआधी भरून निघत नाही.

पत्र्याचा डबा करवून घेताना ५०५२ प्रकारचं अॅल्युमिनियम मागा. ६०६१-टी६ हा प्रकार कणखर असतो, पण तीव्र घडीवर त्याला चिरा पडतात. घडीच्या अगदी जवळ भोक ठेवलंत तर वाकवताना ते लांबट होतं. पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट अंतर मी सोडते. पावडर कोटिंगचा (पावडर फवारून भट्टीत पक्क्या केलेल्या रंगाचा) थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो, तो भोकाच्या दोन्ही बाजूंना चढतो, म्हणजे भोक थराच्या दुप्पट मापाने लहान होतं.

माझा पहिला कोटिंग केलेला डबा इतका देखणा झाला होता की दोन दिवस तो टेबलावरून हलवलाच नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतून ब्लूटूथ लागेना, कारण अँटेना चारही बाजूंनी धातूत बंद! ती बाहेर काढायला नवं भोक पाडावं लागलं. मग मल्टिमीटर लावला तर अर्थिंगची तार बॉडीला जोडलेलीच नव्हती. स्क्रू आणि तारेच्या टोकाची रिंग दोन्ही रंगावर बसले होते, आणि रंगातून वीज जात नाही. आता कोटिंगला पत्रा देताना अर्थिंगच्या जागी रंग बसू नये म्हणून गोल टेप मी स्वतः चिकटवते, आणि डबा परत आल्यावर सर्वांत आधी तिथेच मल्टिमीटर टेकवते.