जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर घरी बदलताय? या चुका टाळा

फ्युएल फिल्टर बदलायचा म्हणजे दोन पाईप काढायचे आणि दोन पाईप लावायचे, एवढंच तर काम आहे. पण जुन्या गाडीत फिल्टर बिचारा कधी त्रास देत नाही, त्रास देतात ते त्याचे जोड. वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाऊन गंजलेला नट, दगडासारखं कडक झालेलं रबर आणि मुळाशीच तुटलेली क्लिप, बहुतेक भानगडी यातच होतात.

आधी एक बघा, दोष खरंच फिल्टरचा आहे का? फिल्टर चोक झाला की गाडी उभी असताना इंजिन छान गुरगुरतं, पण चढाला किंवा जोरात पळवताना दम सोडते, झटके मारते, कारण तेव्हाच पेट्रोल जास्त लागतं. उलट गाडी उभ्या उभ्याच मिसिंग करत असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा, उगाच गाडीखाली लोळू नका.

आता सगळ्यात मोठी चूक, प्रेशर न काढता पाईप सोडणं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत साधा मेकॅनिकल पंप असतो, प्रेशर अर्ध्या बारच्याही आत, त्यामुळे थोडं थेंब थेंब गळतं आणि संपतं. इंजेक्शनवाल्या, म्हणजे इलेक्ट्रिक पंपाने दाबून पेट्रोल इंजिनात फवारणाऱ्या गाडीत मात्र साधारण अडीच ते साडेतीन बार प्रेशर असतं आणि इंजिन बंद केल्यावरही ते लाईनमध्ये बराच वेळ टिकतं, म्हणजे नट सैल केला की पेट्रोलचा फवारा थेट डोळ्यात, कारण तुम्ही खाली आडवे पडून वरच बघत असता ना. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करा, पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल, मग अजून दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, टाकीचं झाकण सैल करा आणि त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्रम हाच, बॅटरी आधी काढली तर सेल्फ कुठून मारणार. आणि काढलेला फ्यूज स्टिअरिंगसमोर ठेवा, मी एकदा शर्टच्या खिशात ठेवला होता आणि सगळं जोडून झाल्यावर अर्धा तास सेल्फ मारत बसलो, बॅटरी पार झोपली तेव्हा खिसा आठवला.

एवढं करूनही पेट्रोल गळणारच, त्यासाठी खाली ट्रे ठेवा. टाकी फुल असेल आणि फिल्टर तिच्यापेक्षा खालच्या पातळीला असेल तर सायफन लागून धार थांबतच नाही, म्हणून टाकी पाव भरलेली असताना काम काढा आणि पाईपात घट्ट बसेल असा एखादा बोल्ट हाताशी ठेवा, बूच म्हणून.

आगीबद्दल थोडं नीट वाचा. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यात उतरून हे काम नको, जवळ गॅस गीझर नको आणि काचेचा गरम होणारा बल्ब तर अजिबात नको, त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की तो फुटतो आणि ठिणगी उडते. एलईडी टॉर्च वापरा, पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताला येईल असा ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारायचं नसतं, ते पाण्यावर तरंगत अजून पसरतं. इंजिन थंड पाहिजे आणि गाडी खाली लावलेल्या जॅक-स्टँडवर पाहिजे, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरत असेल तर त्याला पाय धरून बाहेर ओढा.

नट काढताना एकच पाना लावून जोर करू नका. एक पाना फिल्टरच्या षटकोनाला धरून ठेवायला, दुसरा पाईपचा नट फिरवायला, नाहीतर नट जागेवर आणि लोखंडी पाईपच पिळला जातो, मग पूर्ण लाईन बदलायची वेळ येते. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा. साधा पाना निसटून नट गोल होतो, फ्लेअर नटचा वेगळा पाना मिळतो तो वापरा. ज्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात तिथे वायसर नवीनच टाका, जुने एकदा दाबले गेलेले असतात, ते परत सील करत नाहीत.

प्लॅस्टिकचे क्विक कनेक्टर (नट नसलेले, दाबून लॉक होणारे जोड) स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. आधी हवा मारून त्यातली माती काढा, पाईप थोडा आत ढकला, मग लॉक दाबून ओढा. नवीन लावताना टक् असा आवाज आला पाहिजे आणि त्यानंतर हिसका देऊन बघा, सुटला नाही म्हणजे बसला.

बाण विसरू नका! फिल्टरवरचा बाण इंजिनकडे. उलटा बसवला तरी गाडी बहुतेक वेळा चालू होते, म्हणून लोकांना वाटतं चालतंय की, पण फिल्टरचा आतला कागद एकाच दिशेच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. अजून एक महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही दिसायला सारखेच आहेत असं म्हणून कार्बोरेटरचा स्वस्त प्लॅस्टिक फिल्टर इंजेक्शनच्या लाईनला लावणं, ते प्रेशर त्याला झेपत नाही. रबराच्या पाईपचंही तसंच, इंजेक्शनच्या लाईनला एसएई जे३०आर९ छापलेला पाईप घ्या, पाण्याचा किंवा व्हॅक्यूमचा पाईप पेट्रोलने फुगतो आणि फाटतो. जुना पाईप वाकवून बघा, भेगा दिसल्या की लगेच बदला. क्लिपही जीव खाऊन आवळू नका, पट्टी रबरात रुतून पाईप कापते.

सगळं जोडल्यावर थेट सेल्फ मारायचा नाही. बॅटरी आणि फ्यूज लावा, इग्निशन नुसतं ऑन करा, इलेक्ट्रिक पंप दोन-तीन सेकंद गुणगुणेल, मग ऑफ. असं तीन-चार वेळा करा आणि खाली वाकून प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर गाडी चालू करू नका, जोड परत खोला. कोरडा असेल तर चालू करा आणि इंजिन चालू असतानाही एकदा तपासा.

चालूच होत नाहीये? पंपाचा आवाज येतो का ऐका. आवाज नाही म्हणजे फ्यूज, रिले किंवा सॉकेट. आवाज येतोय पण गाडी उठत नाही तर लाईनमध्ये हवा आहे, अजून चार-पाच वेळा इग्निशन ऑन-ऑफ करा. कार्बोरेटरच्या गाडीत पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून घाबरू नका, गाडी नीट पळत असेल तर ते नॉर्मल आहे.

डिझेलवाल्यांनी हवा काढल्याशिवाय सेल्फ मारतच राहिलं तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्हींची वाट लागते. हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हवा काढा. जुन्या पंपाच्या इंजिनला इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची पद्धत आहे, पण कॉमन रेलला (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाईपातून डिझेल देणारं नवं इंजिन) ते चुकूनही करायचं नाही, तिथे प्रेशर १००० बारच्या वर जातं आणि डिझेल कातडी फोडून आत घुसतं.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. आतलं पेट्रोल टाकीकडच्या तोंडातून पांढऱ्या भांड्यात उलटं ओता, घाण त्याच बाजूला अडकलेली असते. थोडा काळपट गाळ चालतो. तांबूस गंजाची पूड पडली तर टाकी आतून सडतेय, आणि मग नवीन फिल्टर काही दिवसातच परत भरणार. अशा वेळी टाकी उतरवून आतून बघा, पंपाच्या तोंडाची जाळीही त्याच गंजाने भरलेली सापडेल.